भाजलेली माती

यज्ञेश्वर आपटे गॅससमोर उभे राहून माती भाजत होते. मंद आच, मोठी कढई, हातात उलथनं. लाडवाचा रवासुद्धा या माणसाने जन्मात कधी भाजला नव्हता.

कारण चिलटं. त्यांच्या मुलीच्या, शेफालीच्या, खोलीत काचेच्या पेटीत दोन गोगलगाई होत्या. त्यांना ओलसर माती लागते, आणि त्या ओलीत चिलटांची पैदास. महिनाभर ती घरभर उडत होती. रोज सकाळी चहात एखादं पडायचंच. मग यज्ञेश्वर कप बेसिनमध्ये ओतायचे आणि तिच्या बंद दाराला ऐकू जाईल असं म्हणायचे, "या घरात माणसांनी राहायचं की नाही, ते एकदा ठरवा." औषध फवारावं तर गोगलगाई मरणार. माती सुकवावी तर त्या शंखात शिरून आतून बंद करून घेणार. चिकट पिवळा कागद लावला, तर त्यावर गोगलगायच चिकटली. ती सोडवताना शेफाली रडली होती.

नोकरी गेल्यापासून चार महिने पोरगी घरात बोलत नव्हती. हो, नको, जेवले. संपलं. पण मागे एका रविवारी बंद दारामागून ती खुदकन हसल्याचं ऐकू आलं. एकटीच. का हसलीस, हे विचारायची यज्ञेश्वरांची हिंमत झाली नाही. मात्र तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं, की चिलटांचा बंदोबस्त आपणच करायचा.

आज ती मुलाखतीला हडपसरला गेली आणि ते कामाला लागले. माती भाजली की आतली अंडी, अळ्या सगळं मरतं, असं मोबाइलवर वाचलं होतं. गोगलगाई त्यांनी कोबीच्या पानासकट डब्यात काढल्या. पेटीच्या कोपऱ्यात एक टूथपिक रोवलेली होती, तिला कागदाचा कपटा, त्यावर '१४'. आज तेरा तारीख. म्हणजे गेल्या महिन्यात माती बदलली असणार. टूथपिक त्यांनी काढून नीट खिडकीत ठेवली.

वेणूबाई भांड्यांना आल्या आणि कढईत डोकावल्या.

"काका, माती खायची पाळी आली व्हय?"

"तुम्ही भांडी घासा."

"ही कढई म्या नाय घासायची. आन् ह्यो साबुदाना कशाला टाकलाय?"

मातीत पंचवीस-तीस पांढरे दाणे दिसत होते.

"चिलटांची अंडी आहेत ती."

"एवढाली? चिलाट केवढं, आन् अंडं केवढं!"

"आपण प्राणिशास्त्र कुठल्या कॉलेजात केलंत, वेणूबाई?"

वेणूबाई भांड्यांकडे वळल्या. दाणे एकेक करून तडतडले. यज्ञेश्वरांना फार बरं वाटलं. गार झालेली माती त्यांनी परत पेटीत भरली आणि गोगलगाई तिच्यावर सोडल्या.

पाच वाजता शेफाली आली. चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, मुलाखत चांगली झाली. सोमवारी परत बोलावलंय." चार महिन्यांतलं तिचं सगळ्यात लांब बोलणं.

"आत जाऊन बघ," यज्ञेश्वर म्हणाले. आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

ती गेली. मग ती टूथपिक हातात घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, कोपऱ्यातली माती?"

"सगळी भाजली. अंडीसुद्धा. एक म्हणून ठेवलं नाही."

शेफालीने ओट्यावरच्या कढईकडे बघितलं.

"गोगलगाईची होती ती," ती म्हणाली. "उद्या पिल्लं निघणार होती. तुम्हाला बोलावून दाखवणार होते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

त्यांनी दोन कप चहा केला. एक तिच्या दाराशी ठेवला, दार वाजवलं, थांबले, पुन्हा वाजवलं. मग आपला कप घेऊन टेबलाशी येऊन बसले.

कुठून तरी एक चिलट आलं, कपावर दोनदा फिरलं आणि चहात पडलं. यज्ञेश्वरांनी बेसिनकडे बघितलं. मग दाराकडे. आणि तो चहा तसाच पिऊन टाकला.