खालच्या झ्यूसचा नैवेद्य

"एक मांडी तरी काढून ठेव," शेजारीण कानाशी म्हणाली. "हिवाळाभर काय खाशील?"

सिमाईथाने घरातलं एकुलतं एक डुक्कर अख्खंच आगीवर चढवलं. समोरच्या दगडावर दाढीवाला सर्प कोरलेला होता. हाही झ्यूसच, पण जमिनीखालचा.

"डोंगरावरचा झ्यूस आपल्याबरोबर वाटून खातो," ती म्हणाली. "याला सगळं द्यावं लागतं. तेव्हा कुठे हा रक्ताचा डाग धुतो."

डाग तिच्या भावावर होता. भांडणात ल्यूकोनच्या हातून एक गवंडी मेला, तेव्हापासून वर्षभर कुणी त्याच्याबरोबर जेवलं नव्हतं. तीसुद्धा त्याचा वाडगा उंबऱ्याबाहेर ठेवायची.

हाडांचीही राख झाली. पुजाऱ्याने ल्यूकोनच्या हातांवर पाणी ओतलं. "देव निवला," तो म्हणाला. "गावाचं तू बघ."

गाव लांबच उभं होतं.

सिमाईथाने झोळीतली जवाची भाकरी भावाला दिली. सवयीने तो ती घेऊन बाजूला निघाला. तिने त्याचं मनगट धरलं, सगळ्यांसमोर त्याला खाली बसवलं आणि त्याच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून आपल्या तोंडात टाकला.