दूध आलं नाही

गावदेवीच्या जत्रेला कोणी डेअरीत दूध घालत नाही. सगळं खिरीला जातं. यंदा डेअरीच्या एआयने घरोघरी गुरांचा डॉक्टर धाडला. बिचारा खीर खाऊन परतला.

डॉक्टर बोलवायचं टूल कधी वापरावं, हे एआयसाठी लिहिणारी सारिका त्याच गावची. पुण्यात बसून तिने आपलीच ओळ पुन्हा वाचली: ‘दूध आलं नाही, तर डॉक्टर बोलवा.’ एआयला जत्रा ठाऊक असणार कुठून? तिने पुढे लिहिलं, ‘आधी घरच्यांना विचारा.’

पंधरवड्याने तिच्याच फोनवर एआयचा निरोप आला; डेअरीत आईच्या नावापुढे तिचाच नंबर होता. ‘आज तुमच्या आईंचं दूध आलं नाही. काय झालं?’

तिने फोन लावला. "आई, गाय आजारी आहे का?"

"गाय ठणठणीत आहे गं," आई कण्हत म्हणाली. "मलाच उठवत नाहीये. तुला कोणी सांगितलं?"