धक्क्यावरची फेरी

१९०१ सालची गोष्ट. मासेमारीला निघाल्यावर वाटेत पाद्री दिसला, की आमच्या स्कारनेसचे कोळी अपशकुन झाला म्हणून होडी न सोडताच घरी परतायचे. नवे पाद्रीसाहेब दर रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना बजावायचे, "असली अंधश्रद्धा म्हणजे पाप आहे."

एका सोमवारी वॉटी कोळ्याची बायको ग्रिझेल त्यांच्या दारात आली.

"साहेब, तुमचं बोलणं मला अगदी पटतं. उद्या सकाळी तेवढं धक्क्यावर फिरायला याल का?"

पाद्रीसाहेबांची कळी खुलली. "होड्यांना आशीर्वाद द्यायला ना?"



"छे हो. दोन महिने छप्पर शाकारायचं राहिलंय, आणि आमचे हे एक दिवस घरी सापडतील तर शपथ. तुम्ही नुसते वाटेत उभे राहा."