चारशे एकावा डबा

तीनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे नव्व्याण्णव, चारशे. मंजुषाने शेवटच्या डब्याचं झाकण उजेडात धरून पाहिलं. शिक्का एक्केचाळीसचाच होता. तिने डबा ढिगावर ठेवला आणि वहीत आकडा लिहिला.

"चारशे केलं, चारशे आलं," हौसेराव म्हणाले आणि खुर्चीत टेकले. कालपासून पहिल्यांदाच टेकले असतील. साताऱ्याहून येऊन तळवलीत ही श्रीखंडाची डेअरी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. "उद्या अक्षय तृतीया. कुणाच्या ताटात ही ब्याद जायची न्हाई. सुटलो बाई."

मंजुषा हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

ती पीएचडी करत होती. विषय असा, की ऐकताच नातेवाईक हातातलं खाणं खाली ठेवत. जंतू शिरलेला माल बाजारातून परत मागवला, तर किती परत येतो आणि किती लोकांच्या पोटात जातो, हे आधीच सांगता येईल का? तळोजा पट्ट्यातल्या चार कारखान्यांच्या जुन्या नोंदी तीन वर्षं चाळून तिने सूत्र बांधलं होतं. दहा डबे मागवा, तीनच येतात. तिचे मार्गदर्शक जयप्रकाश सर म्हणाले होते, "कागदावर ठीक आहे. एकदा डोळ्यांदेखत खरं ठरू दे. मग प्रबंधावर सही करतो."

ती वेळ काल सकाळी आली. हौसेरावांच्या मालाचे नमुने ती दर आठवड्याला तपासायची. डेअरीत रोजच्या मालाला नवा नंबर पडायचा; मंगळवारच्या, एक्केचाळीस नंबरच्या नमुन्यात जंतू निघाले. कुणाच्या तरी हातावरच्या जखमेतून उतरलेले, उलट्या-जुलाबांनी घरच्या घर आडवं करणारे. तिने सांगितलं आणि हौसेरावांनी जराही खळखळ केली नाही. वाशीपासून ऐरोलीपर्यंत दुकानदारांना फोन लावले, टेम्पो पाठवला. सूत्राप्रमाणे एकशेवीस डबे यायला हवे होते. आले चारशे.

लोक वाचले याचा तिला आनंद झाला, का नाही होणार? पण तीन वर्षं पाण्यात गेली म्हणून ती हळहळलीही. आणि हळहळली याची लाजही वाटली. माणसाचं मन, दुसरं काय.

तेवढ्यात टेम्पोवाला धनाजी दारात आला. "मॅडम, घणसोलीचे वीस डबे राहिलेत गाडीत. कुठं टाकू?"

"कसले वीस?"

"एक्केचाळीसचेच. शिक्का बघून घेतलेत."

हौसेरावांनी हात झटकला. "मोजण्यात गडबड झाली असंल. चारशे लिवा आन् मिटवा." मंजुषाने ढीग पुन्हा मोजला. चारशेच भरले. मग धनाजीच्या विसांतला पहिला डबा हातात घेऊन ती उभीच राहिली. केले त्याहून जास्त डबे परत आले होते. चारशेवर वही मिटवली असती, तर कुणी तिला विचारायला येणार नव्हतं.

ती डबा घेऊन तशीच आत गेली. आत बयाबाई झाकणांवर शिक्के मारत बसली होती. तळवलीचीच बाई, डेअरी निघाल्यापासून हेच काम करणारी. शाईने बोटं कायमची निळी झालेली.

"बयाबाई, एक्केचाळीसचा शिक्का किती डब्यांवर मारलात?"

"दोन दिसांच्या," बयाबाई मान वर न करता म्हणाली. "मंगलवारचे आनि बुधवारचे."

"बुधवारी बेचाळीस लागला ना? शेठच्या वहीत तसं आहे."

आता बयाबाईने मान वर केली. इतकी शिकलेली पोर आणि असं काय विचारते, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "बुधवारी आवस व्हती, बाय. आवसंला नवा आकडा कोन चालू करतं? आदल्या दिसाचाच ठेवते. दुसरे दिशी एक आकडा गालून फुडचा लावते, म्हंजे शेटच्या वहीला मेल बसतो. नऊ वर्सं असंच चाललं हाय."

मंजुषाने हौसेरावांची वही ओढून घेतली. बुधवारचं पान. सण तोंडावर म्हणून माल जास्त काढलेला: एक हजार डबे.

"बुधवारचा चक्का कुठला होता?"

"मंगळवारच्याच टाकीतला," हौसेराव दारातून म्हणाले. "का वो?"

तिने वहीच्या कडेला बेरीज मांडली. चारशे आणि हजार. चौदाशेंतले आले चारशेवीस. तिने भागाकार केला, मग पुन्हा एकदा केला. दहात तीन. ना एक डबा कमी, ना एक जास्त. तिच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. खरंच फुटली, खोटं कशाला सांगा.

हौसेरावांनी तिच्या खांद्यावरून आकडे वाचले आणि त्यांचंही तोंड फुललं. "म्हंजे तुमचं गणित बरोबर निघालं की. झाला म्हणा आता डॉक्टर. तुमच्या सायबांना फोन लावा, पेढं मागवतो मी."

मंजुषाने फोन उचलला. दुकानांत होते तेवढे डबे टेम्पोतून आले होते. उरलेले नऊशेऐंशी दुकानांत नव्हतेच. ते विकले गेले होते. घणसोलीच्या, ऐरोलीच्या, वाशीच्या घरांत, फ्रीजमध्ये, उद्याच्या पुऱ्यांसाठी राखून ठेवलेले होते. तिने फोन हौसेरावांच्या हातात दिला.

"गणित अजून बरोबर आहे," ती म्हणाली. "उद्या ताटं वाढायच्या आत ते चुकवायचंय. भोंग्याच्या रिक्षा बोलवा, मिळतील तेवढ्या."