गंजलेले सासरे

“अख्खं जग याला तेमिर म्हणतं,” सळ्या वाहणारा गडी पुटपुटला. तेमिर म्हणजे लोखंड. पण मुकादम जिपारच्या सासऱ्यांचं नावही तेमिर, आणि किरगिझ सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं कसं? म्हणून ती लोखंडाला ‘सासरे’ म्हणायची. बघता बघता सगळी साइटच म्हणू लागली.

घरी तान्हं बाळ सासरेच सांभाळत, म्हणून तर तिची नोकरी टिकून होती. आज भुकेलं बाळ घेऊन ते फाटकातून आत आले, तेव्हा जिपार दुसऱ्या मजल्यावरून सांगत होती, “ते गंजलेले सासरे वाकत नसतील, तर सरळ कापून टाका.”

मग तिची नजर फाटकाकडे गेली. संपली आपली नोकरी, जिपारला वाटलं.



म्हाताऱ्यानं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “पोरी, त्यापेक्षा तू माझं नावच घे.”