पंप बंद असताना

घरातल्या शोभेच्या समुद्री माशांच्या टाकीखालचा पाइप गळत होता. जोडावर मिठाचा पांढरा थर, फरशीवर खारं पाणी. मी पंप बंद करून सोल्युशन लावलं. ते सुकेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, पंप लावायचा नव्हता.

दुपारी पाण्यातली हवा संपत आली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. नारिंगी मासा तर आडवाच झाला. "आई, मरतायत गं सगळे!" मी रडकुंडीला आलो.

"तळले तर दातालाही लागणार नाहीत," म्हणून रोज त्यांना हसणारी आई धावत आली. चहा गार करतात तसं भांड्याने टाकीतलं पाणी उंचावरून सोडू लागली. हात भरून आले, तरी थांबेना.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आई, बांगड्यांना मसाला लावलाय. तळायला घेऊ?"

मासळीशिवाय न जेवणाऱ्या आईने मानही वळवली नाही.

"आज वरणभात लाव."