शिल्लक रजा

धाकट्याने चांगली लागलेली नोकरी सोडून लाकडी भोवरे बनवायला घेतले, तेव्हापासून कोणीही विचारलं की बाबा सांगत, “चिरंजीव कायमचे रजेवर आहेत.” स्वतः त्यांनी लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी ऑफिस गाठलं होतं. आता दवाखान्यातल्या खाटेवरही त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, उशीर नको म्हणून नेहमी पुढे लावलेलं. डॉक्टर नुसतेच खांदा थोपटून गेले, तेव्हा बाबा काय ते समजले. “आता रजा घ्यायची वेळ आली,” ते धाकट्याला म्हणाले. “भलतंसलतं बोलू नका, बाबा.” “अरे, जन्मात कधी घेतली नाही, म्हणून धास्ती वाटते. तुला सवय आहे. कशी घेतात, सांग ना.” धाकटा खाटेच्या कडेला टेकला. “आधी हे काढायचं,” म्हणत त्याने घड्याळाचा पट्टा सोडवला. पट्ट्याखालची कातडी तान्ह्या बाळासारखी कोवळी होती. बाबांनी मोकळं मनगट चोळलं. “आणि अर्ज?”